हलगूरची प्रभातफेरी

महांतप्पा मास्तर माझ्या आईचे चुलते. उमरग्याच्या अलीकडं हैदराबादच्या सडकेवरून एक गाडीवाट आत वळते, त्या वाटेवर हलगूर. तिथल्या शाळेत त्यांनी तरुणपणापासून नोकरी केली. मी सांगतोय ते त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. या विषयावर ते बोलत नसत. त्यांच्यामागं त्यांची बायको उमाबाई पुष्कळ वर्षं जगली. तिनं आधी आईला आणि मग मला सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढायचा नाही, पण मधेच कुठं तरी थांबायची, पदरानं तोंड पुसायची आणि मग पुढचं सांगायची.

मास्तर काही धाडसी माणूस नव्हते. घरात कानडी, शाळेत मराठी आणि सरकारी कागदावर उर्दू, असा त्यांचा दिवस जायचा. कपाळाला विभूती, अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्याला रुमाल. निजामाचं राज्य होतं. सकाळी पोरांना ओळीनं उभं करून निजामाच्या नावानं दुवा म्हणवून घ्यायची, साहेब आला की झुकून सलाम करायचा आणि कुणाच्या अध्यात-मध्यात पडायचं नाही, असं त्यांचं चाललं होतं. उमाबाई म्हणायची, "त्यांनी भांडण केलेलं म्या एकदाच बघितलं, ते पण माकडासंगं."

शाळेला दोन खोल्या, मागं दगडी विहीर आणि मास्तरही दोनच. दुसरे दस्तगीर मास्तर. ते हलगूरचेच, उर्दू आणि हिशेब शिकवायचे. उंच, किडकिडीत, डोळ्यावर चष्मा, पान खाऊन ओठ सदा लाल. संध्याकाळी शाळा सुटली की दोघं ओढ्याच्या अंगानं फिरायला जायचे. दस्तगीर मास्तर आपल्या पोरीचं सांगायचे, महांतप्पांना पोरबाळ नव्हतं, ते ऐकायचे. दस्तगीर मास्तर कधी कधी थट्टा करायचे, "महांतप्पा, तुमच्या लिंगायतांत माणूस पुरतात, आमच्यात पण पुरतात. मेल्यावर दोघंही मातीतच जाणार. मग जिते असताना एवढा शिवाशिवीचा तमाशा कशाला?" आणि महांतप्पांच्या डब्यातली शेंगाचटणी आपल्या भाकरीवर घ्यायचे.

अठ्ठेचाळीस सालच्या जानेवारीत गावाच्या गढीवर रझाकारांचं ठाणं बसलेलं होतं. गांधीजींना मारल्याची बातमी सडकेवरच्या एका ट्रकवाल्यानं आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मास्तर शाळेच्या दारात उभे. वरून काय हुकूम निघाला होता की नव्हता, हलगूरला काही पोचलं नव्हतं.

"मी आज शाळा बंद ठेवतो," महांतप्पा म्हणाले.

"बंद ठेवली की गढीवरून विचारायला येतील, का बंद म्हणून. मग काय सांगणार?"

"मग आजच्या दिवशी पाढे म्हणवून घ्यायचे का?"

दस्तगीर मास्तरांनी गढीकडं बघितलं. मग म्हणाले, "पोरांना आत घ्या. दार लोटा. माना खाली घालून बसू द्या. बाहेरचं मी बघतो."

पोरं आत बसली. महांतप्पांनी त्यांना सांगितलं की एक म्हातारा माणूस प्रार्थनेला निघाला होता, त्याला गोळ्या घातल्या, आणि आता आपण गप बसायचं. थोड्या वेळानं गढीवरची दोन माणसं आली. शाळेतून आवाज का येत नाही, म्हणून त्यांनी विचारलं. दस्तगीर मास्तर ओट्यावर उभे राहून म्हणाले, "इम्तिहान चालू आहे, भाई. पोरं लिहितायत." माणसं गेली. मग ते आत आले, मागच्या भिंतीला टेकून पोरांत बसले आणि पोरांसमोरच रडले. हलगूरच्या शाळेनं गांधीजींचा शोक पहिल्यांदा केला तो असा.

पेरणीच्या आसपास गावातली तीन माणसं वेशीत उभी करून रझाकारांनी गोळ्या घातल्या. सरहद्दीपलीकडच्या कॅम्पातून निजामाविरुद्ध लढणाऱ्या पोरांना त्यांनी भाकरी दिली होती, एवढाच गुन्हा. त्यात बब्रुवानचा बाप होता. बब्रुवान म्हणजे दस्तगीर मास्तरांचा सगळ्यांत हुशार विद्यार्थी. शाळा सुटून वर्षं झाली होती, मिसरूड फुटली होती, तरी व्याजाचे हिशेब शिकायला तो त्यांच्या घरी जायचा. प्रेतं दिवसभर वेशीत पडून राहिली. कुणाची जवळ जायची छाती होईना. शेवटी दस्तगीर मास्तर एकटे गढीवर गेले, तिथं कुणाकुणाच्या पाया पडले, आणि प्रेतं सोडवून ज्याच्या त्याच्या घरी पोचवली. बब्रुवानच्या आईनं त्यांच्या तोंडावर दार लावलं. ते माघारी आले.

भादव्यात हिंदुस्थानची फौज सडकेनं आली. गढीवरचे रझाकार एका रात्रीत पळाले, निजामाचं राज्य संपलं. लोकांनी गुलाल उधळला. आणि मग, ज्यांनी केलं ते हाती लागले नाहीत म्हणून, जे मुसलमान गावात राहिले होते त्यांच्यावर लोक धावले. शेजारच्या खेड्यांतून धूर दिसायला लागला.

दस्तगीर मास्तर बायको हलीमाबीला आणि नऊ-दहा वर्षांच्या जुलेखाला घेऊन महांतप्पांच्या मागच्या दाराशी आले.

"ह्या दोघींना ठेवून घ्या."

"आणि तुमी? तुमी पण या आत," उमाबाई म्हणाली.

"मी शाळेत बसतो, अक्का. मी इथं आहे म्हणून कळलं तर तुमचं घर जाळतील. शाळेला कोण हात लावणार? आणि येणार तरी कोण? माझीच पोरं आहेत ती. सगळ्यांचे कान धरलेत मी."

असं म्हणून ते हसले. उमाबाईला ते हसणं शेवटपर्यंत आठवत होतं.

घरात जमिनीखाली धान्याचं पेव होतं. मायलेकींना त्यात उतरवलं, वर फळी टाकली, फळीवर जोंधळ्याचं पोतं ठेवलं. महांतप्पा उंबऱ्यावर बसले. दुपार कलताना माणसं आली. पुढं धोंडप्पा. हा गावातला अडत्या, कॅम्पात जाऊन आलेला, आता गावचा पुढारी झालेला.

"मास्तर, आत कोण हाय?"

"माझी बायको हाय."

"आनखी?"

"आनखी कोण असणार? आत यायचं तर माझ्यावर पाय देऊन या."

आपण असं बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं असणार. धोंडप्पानं त्यांच्याकडं बघितलं, कपाळावरची विभूती बघितली, आणि जमाव पुढं वळला. थोड्या वेळानं शाळेकडून गलका ऐकू आला. कुणी तरी ओरडत होतं, मग पुष्कळ जण ओरडायला लागले. महांतप्पा उठून उभे राहिले. पुन्हा बसले. पुन्हा उठले. उमाबाई दाराच्या आतून बघत होती. ते गेले असते तर उंबरा मोकळा राहिला असता, आणि कुणी तरी परत येऊन फळी उचलली असती. ती "जा" म्हणाली नाही, "जाऊ नका" असंही म्हणाली नाही. ते बसले, दोन्ही हातांनी उंबरा धरून.

दुसऱ्या दिवशी शाळेमागच्या विहिरीत लोक गाड्यांनी दगड आणून ओतत होते. वर माती, मातीवर बाभळीच्या फांद्या. धोंडप्पानं चावडीत गाव गोळा केलं आणि सांगितलं, "दस्तगीर हैदराबादला पळाला. कुणी बी इचारलं तर एवढंच सांगायचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. महांतप्पांनीही डोलावली.

फौजेनं बंदोबस्त बसवल्यावर मायलेकी आपल्या घरी गेल्या. हलीमाबीनं विचारलं तेव्हा उमाबाई म्हणाली, "हैदराबादला गेले म्हणत्यात." मास्तर तिथंच उभे होते. त्यांनी छपराकडं बघितलं.

त्यानंतर हलीमाबी वाट बघत राहिली. नवऱ्याची शेरवानी कसर लागू नये म्हणून उन्हात टाकायची, संध्याकाळी झटकून पुन्हा पेटीत ठेवायची. सडकेवर मोटार थांबल्याचा आवाज आला की दारात यायची. पोरीला शाळेत पाठवणं तिनं बंद केलं. मास्तर तिच्या घरावरून जायचं टाळायला लागले. ओढ्याकडं फिरणंही थांबलं. रात्री जेवताना मधेच हात थांबायचा. उमाबाईनं विचारलं तर म्हणायचे, "आपल्याकडं माणसाला बसवून पुरतात. हातात लिंग ठेवतात. जंगम मंत्र म्हणतो. त्यांच्याकडं पण अंघोळ घालतात, कफन घालतात." एवढंच बोलायचे आणि ताट सारायचे.

जानेवारीत तालुक्याहून हुकूम आला. तीस तारखेला गांधीजींना जाऊन वर्ष होतंय. प्रत्येक शाळेनं सकाळी प्रभातफेरी काढावी, प्रार्थना म्हणावी, सगळ्यांनी दोन मिनिटं शांत उभं राहावं. हलगूरला स्वतः तालुक्याचे एक साहेब येणार होते. ते मुंबई इलाख्यातून नवीन आलेले होते. धोंडप्पा खुशीत शाळेत आला. सोलापुराहून गांधीजींची मोठी तसबीर आणायला त्यानं माणूस धाडला होता.

"फेरी शाळेतून काढायची, वेशीपाशी थांबायचं. तितं म्या चार शब्द बोलतो. मग चावडीवरून परत शाळेत. मौन शाळेच्या अंगणात. आन् एक काम करा, मास्तर. मुसलमानाचं एक तरी पोर पुढं दिसलं पायजे. साहेबांनी खास इचारलंय. दस्तगीरच्या पोरीला आणा."

मास्तर फळा पुसायला लागले.

"आणा की. तुमचं ऐकंल तिची आई."

दोन दिवस ते गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले. हलीमाबी ओसरीवर तूर पाखडत होती. मास्तरांनी उभ्या उभ्याच सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"गांधीजींचं आहे ना? पाठवते. यांनी त्या दिवशी घरात चूल पेटू दिली नव्हती." मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "मास्तरजी, तुम्ही त्यांचे दोस्त. गाव काय म्हणायचं ते म्हणू द्या. तुम्ही मला सांगा. कुठं आहेत ते?"

मास्तरांना तेव्हा सांगता आलं असतं. दुपारची वेळ होती, ओसरीवर दुसरं कुणी नव्हतं. ते म्हणाले, "पोरीला सकाळी लवकर पाठवा," आणि पायऱ्या उतरले.

त्या दिवशी थंडी होती. शेतात जोंधळा हुरड्याला आलेला, गावभर हुरड्याच्या आगट्यांचा वास. रविवार असूनही पोरं धुतलेले कपडे घालून आली. तसबीर एका खुर्चीवर बांधून चौघांनी खांद्यावर घेतली. तिच्यापुढं जुलेखा, हातात झेंडूचा हार. तिला आईनं ईदचा कुडता घातला होता. बरोबरीच्या पोरी तिच्याकडं बघत होत्या, पण जवळ कुणी जात नव्हतं. साहेब खादीची टोपी घालून मागून चालत होते. गावातली माणसं दाराशी येऊन उभी राहायची आणि फेरीत सामील व्हायची. त्यात बब्रुवानही होता.

वेशीपाशी फेरी थांबली. जिथं ती तीन माणसं मारली तिथं धोंडप्पानं चुना ओढून घेतला होता. तो दगडावर चढून बोलला. हुतात्म्यांचं बोलला, ते सगळ्यांना लागलं, बाया रडल्या. बब्रुवानची आई खाली बसली. मग तो गांधीजींवर आला. म्हणाला, महात्म्यानं हिंदू-मुसलमान एक मानले, त्यासाठीच त्यांनी प्राण दिला, आणि आमच्या हलगुरात तीच शिकवण आहे. त्यानं जुलेखाच्या डोक्यावर हात ठेवला.

"ही बघा, सायेब. हिचे वडील ह्याच शाळेत मास्तर होते. उगी भिऊन हैदराबादला गेले. परत येतील त्या दिवशी हलगूर त्यांच्या गळ्यात हार घालंल."

साहेबांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. जुलेखानं मान वर करून धोंडप्पाकडं बघितलं आणि विचारलं, "कधी येणार?"

धोंडप्पा हसून म्हणाला, "येतील, येतील."

उमाबाई बायांच्यात उभी होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. फेरी चावडीवरून शाळेकडं निघाली. मास्तर सगळ्यांत पुढं. शाळेचं अंगण आलं. तिथं रांगोळी काढलेली, साहेबांसाठी खुर्ची मांडलेली. मास्तर अंगणात वळले नाहीत. शाळेच्या भिंतीला वळसा घालून ते मागं गेले. पोरं त्यांच्यामागं गेली, कारण पोरं मास्तरांच्या मागं जातात. तसबीर गेली. साहेबही गेले.

"मास्तर! वो मास्तर, इकडं!" धोंडप्पा मागून ओरडला.

बाभळीच्या फांद्यांजवळ मास्तर थांबले. त्यांनी पोरांना गोल उभं केलं.

"इथं का?" साहेबांनी विचारलं. "अंगणात ठरलं होतं ना?"

"दस्तगीर मास्तर इथं हायत," महांतप्पा म्हणाले. "विहिरीत. गावानं त्यांना मारलं आन् गावानंच वर दगड टाकले. मौन इथं करू."

उमाबाई म्हणायची, त्यानंतर मौन करा असं कुणाला सांगायची वेळच आली नाही. साहेब टोपी हातात घेऊन उभे राहिले, बहुतेक काय करावं ते न सुचून. धोंडप्पाचा हात उचललेला तसाच राहिला. पोरांतलं कुणी खोकलंसुद्धा नाही. जुलेखानं हार खाली ठेवला. ती पुढं गेली आणि एक फांदी धरून ओढायला लागली. काटे हातात घुसत होते. एक फांदी निघाली, तिनं बाजूला टाकली, दुसरी धरली. ती रडत नव्हती. आपल्याला दिलेलं काम करावं तशी ती करत होती. मास्तरांना वाकताही येईना. शेवटी उमाबाई धावली आणि तिनं पोरीला उचलून पोटाशी धरलं. पोरीच्या तळहातांतून रक्त येत होतं. गर्दीच्या मागच्या बाजूला बब्रुवान दोन्ही हात डोक्यावर ठेवून मटकन खाली बसला होता.

साहेब धोंडप्पाकडं चहा पिऊन गेले. विहीर कुणी उपसली नाही, पंचनामा झाला नाही.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी हलीमाबी आली. उमाबाईच्या आधारानं विहिरीपाशी गेली, फातेहा म्हणाली, मातीवर हात फिरवला. मास्तर लांब उभे होते. परत जाताना ती त्यांच्यापुढं थांबली.

"तुम्हाला माहीत होतं."

"व्हय."

"चार महिने मी दारात बसले. आणि सांगायचंच होतं तर मला सांगायचं. माझ्या लेकराला अख्ख्या गावासमोर?"

मास्तरांनी हात जोडले. ती त्यांच्याशी पुन्हा कधी बोलली नाही. आठवड्याभरात गुलबर्ग्याहून तिचा भाऊ आला आणि मायलेकींना घेऊन गेला. उमाबाई वेशीपर्यंत गेली. मास्तर घरातच बसून राहिले.

उमाबाईनंही त्यांना सोडलं नाही. "पोरीचे हात बघितले का तुमी? तुमच्याच्यानं राहवलं न्हाय, खरं. पर आधी तिच्या आईनं इचारलं तवा जीभ का उचलली न्हाय?"

गावानं मास्तरांना वाळीत टाकलं असं कुणी म्हटलं नाही, पण वाण्यानं सामान देणं थांबवलं, पाणवठ्यावर उमाबाईची घागर मागं राहायला लागली, पोरं शाळेत येईनाशी झाली. पुढल्या महिन्यात साहेबांनी मास्तरांना उमरग्याला बोलावून घेतलं. बसायला सांगितलं, चांगले वागले. म्हणाले, दिवस नाजूक आहेत, ज्यांचे बाप गेले त्यांच्या जखमाही ओल्या आहेत, आत्ता विहिरी उपसायला लागलो तर जिल्हाभर उपसाव्या लागतील. आणि बदलीचा कागद पुढं सरकवला. भूम तालुक्यातलं ईट, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मास्तरांनी विचारलं, "आन् माती? निदान माती तरी रीतीनं..." साहेब खिडकीतून बाहेर बघत राहिले.

सामान उमरग्यापर्यंत न्यायला हलगुरात कुणी गाडी देईना. निघायच्या दिवशी सकाळी बब्रुवान आपली बैलगाडी घेऊन दाराशी उभा राहिला. त्यानं पेट्या चढवल्या, भांडी चढवली, उमाबाईला बसायला पोतं अंथरलं. गाडी सडकेला लागली. दोन्हीकडं जोंधळ्याची काढणी चाललेली, कामावरची माणसं मान वर करून बघायची आणि पुन्हा खाली वाकायची.

"गुर्जी," बब्रुवान बैलांकडं बघत म्हणाला, "म्या होतो त्याच्यात."

"ठाऊक हाय मला."

"म्या मारलं न्हाय. पर दार म्याच ढकललं. मला वाटलं, बापाचं फेडतोय." त्यानं कासरा सैल सोडला. "दस्तगीर मास्तरांनी मला वळखलं. म्हणाले, बब्रू, तू घरी जा, तुझी आई एकटी आहे. असं म्हणाले. आन् म्या तितंच हुबा राहिलो."

उमाबाईनं पदर तोंडात घातला. मास्तर गाडीतून खाली उतरले आणि गाडीच्या मागून पायी चालायला लागले. बब्रुवाननं बैल थांबवले.

"गुर्जी, बसा की. म्या काय करू ते सांगा. पोलिसांत जाऊ का? म्हातारीला कुणी न्हाय."

"मला नको विचारू," मास्तर म्हणाले. "आन् हे मला कशाला सांगतोस? त्यांचं शेवटचं बोलणं हाय ते. माझं न्हाय, हलीमाबीचं हाय. गुलबर्ग्याला जा, तिला सांग. मग काय करायचं ते तुझं तू बघ."

ते काही गाडीत बसले नाहीत. उमरगा येईपर्यंत चालतच राहिले, आणि मोटारीत सामान चढवल्यावर बब्रुवानकडं न बघता आत जाऊन बसले.

ईटला त्यांचे दिवस साधे गेले. शाळा मोठी होती, हेडमास्तर दुसरे होते. दर वर्षी तीस जानेवारीला पोरं टकळीवर सूत काढायची, भजन म्हणायची, दोन मिनिटं उभी राहायची. गांधीजींविषयी दोन शब्द बोला, असं हेडमास्तर सुरुवातीला त्यांना म्हणायचे. महांतप्पा नको म्हणायचे. पुढं पुढं त्यांनी विचारणं सोडून दिलं. हलगूरच्या शाळेनं मागची जागा सपाट करून घेतली आणि तिथं पोरांचं कवायतीचं मैदान केलं, असं कानावर आलं. मास्तरांनी दोनदा वर अर्ज केले. उत्तर आलं नाही.

दोन उन्हाळे उलटल्यावर बब्रुवान ईटला आला. मधल्या काळात त्याची आई वारली होती. तो वाळला होता, दाढीचे खुंट वाढलेले. तो ओसरीच्या कडेला टेकला.

"गुलबर्ग्याला गेलतो," तो म्हणाला.

मास्तरांनी वाचत होते तो कागद खाली ठेवला.

"त्यांच्या भावानं दारात बसवलं. त्या आत पडद्यामागं बसल्या. म्या सगळं सांगितलं. दार म्या ढकललं हे पण सांगितलं. भाऊ मारायला उठला, त्यांनी आतनं थांबवलं. मग त्यांनी इचारलं, तवा मास्तरांच्या डोळ्यावर चष्मा होता का म्हणून."

"मग?"

"व्हता म्हणलं. म्हंजे मला नीट बघून बोलले, एवढंच त्यांना पायजे होतं. मग पोरीनं भाईर पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मोठी झालीय. माझ्याकडं बघितलं न्हाय तिनं. म्या पाणी पिलो आन् आलो."

"आता काय करणार?"

"उमरग्याला पोलिसांत जाऊन आलो. त्यांनी नाव लिहून घेतलं, आन् म्हणाले, जा घरी. कोण काय करायला तयारच न्हाय, गुर्जी. धोंडप्पाचा पोरगा तर तालुक्याच्या कमिटीवर मेंबर हाय."

मास्तरांनी त्याच्याकडं बघितलं. उमाबाई म्हणायची, त्यांच्या तोंडावर रागही नव्हता आणि मायाही नव्हती, थकलेल्या माणसाचं तोंड होतं. मग ते आत बघून म्हणाले, "अगं, एक ताट वाढ."

बब्रुवान नको नको म्हणाला. पण उमाबाईनं भाकरी आणि आमटी वाढली, त्यानं मान खाली घालून खाल्लं, आपलं ताट आपण धुतलं, आणि उन्हं उतरायच्या आत मोटार गाठायला निघून गेला.